सांदणची घळ आणि साम्रदची घरे

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावाच्या शिवारात नांगराखाली येणारी काळी माती आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ उभी चिरत गेलेली सांदण दरी ही एकाच अग्निजन्य खडकाची दोन रूपे आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि त्यापासून बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या काळ्या पाषाणाचे, दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते, तर पूर्वेकडे विदर्भात ती कमी होत जाते. म्हणून वऱ्हाडात हा खडक बहुतेक ठिकाणी आडवा, झिजलेला आणि मातीखाली झाकलेला आढळतो, आणि तेथील माणसाची त्याच्याशी गाठ पडते ती प्रामुख्याने विहीर खणताना. सह्याद्रीच्या पश्चिम कडेवर मात्र तोच खडक उघडा पडतो, उभा तुटतो आणि पाण्याने कापला जातो. कामरगावच्या माणसाने सांदणीत उतरावे याचे पहिले कारण हेच आहे की, आपल्या विहिरीच्या तळाशी लागणारा दगड तेथे डोक्यावर 200 ते 400 फूट उंच उभा राहिलेला दिसतो.

पाण्याच्या वाटा पाहिल्या तर हे नाते आणखी गुंतागुंतीचे आहे. कारंजा तालुक्यातली अडाण नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला. इकडे रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवराही गोदावरीलाच मिळते. कामरगावच्या बाजूचे आणि भंडारदऱ्याचे पाणी याप्रमाणे शेवटी एकाच नदीतून बंगालच्या उपसागराला जाते. साम्रद मात्र जलविभाजकावर, म्हणजे पावसाचे पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या उंचवट्यावर वसलेले आहे. गावाच्या एका अंगाचा ओघळ प्रवरेवरच्या भंडारदरा जलाशयाकडे वळतो, तर दुसऱ्या अंगाचे पाणी सांदणीत शिरून कोकणात कोसळते आणि अरबी समुद्राची वाट धरते. या दुसऱ्या अंगाला उतार अत्यंत तीव्र असल्याने पाण्याची कापण्याची ताकदही तितकीच मोठी असते, आणि घळ का निर्माण झाली याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे.

घळ म्हणजे पाण्याने खोल कोरलेली, दोन्ही बाजूंनी कातळाने बंद झालेली अरुंद वाट. नाळ म्हणजे कड्यावरून खाली उतरणारी उभी चीर, जिच्यातून पावसाळ्यात पाणी आणि इतर वेळी माणूस उतरतो. सांदणीत हे दोन्ही प्रकार एकापुढे एक येतात. बेसॉल्ट थंड होताना आकसतो आणि त्यात उभे सांधे पडतात. पुढे जमिनीच्या हालचालींनी पडलेल्या भेगा त्यांना जोडल्या जातात, आणि अशा कमकुवत रेषेवर पावसाळी ओढा एकदा वाहू लागला की तो रुंदीपेक्षा खोलीच अधिक कापतो. मुख्य घळ सुमारे दोन किलोमीटर लांब भरते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद होते की पाठीवर बोजा घेतलेल्या दोन माणसांना शेजारी-शेजारी चालता येत नाही, आणि तळाला ऊन पोहोचते ते सूर्य डोक्यावर आल्यानंतर थोडा वेळच.

कामरगावला अंतराने जवळच्या दऱ्या चिखलदऱ्याच्या, सातपुड्याच्या गाविलगड रांगेतल्या आहेत. भीमाने कीचकाला मारून जेथे हात धुतले असे सांगतात ते भीमकुंड, पंचबोल आणि गाविलगडाभोवतीचे खोल कडे वऱ्हाडातल्या शाळांच्या सहलींना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. तो मुलूख मेळघाट व्याघ्रप्रकल्पाला लागून आणि काही भागात त्याच्या आतच असल्यामुळे तळापर्यंत उतरून, गावोगावी मुक्काम करत, अनेक दिवस पायी हिंडण्याला तेथे रास्त मर्यादा आहेत. वाटाड्यासह घळ उतरायची आणि रात्र गावातल्या घरात काढायची ही पद्धत महाराष्ट्रात सर्वाधिक रुळली आहे ती सांदण आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यात. पूर्वी हे अंतर वऱ्हाडकरांना फार वाटे. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, आणि कारंजा तालुक्यातून जाणाऱ्या या रस्त्याने इगतपुरीच्या बाजूला उतरून घोटी, शेंडी, भंडारदरा या मार्गाने साम्रद गाठणे एका दिवसाच्या आवाक्यात आले. रेल्वेने जाणाऱ्यांना मूर्तिजापूर किंवा अकोल्याहून इगतपुरीपर्यंतचा जुना मार्ग आहेच.

भंडारदऱ्याचा परिसर तसा ओळखीचा. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता एकीकडे रतनवाडीला आणि दुसरीकडे घाटघर-साम्रदला पोहोचतो. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. उदंचन म्हणजे विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची. घाटमाथा आणि कोकण यांच्या उंचीतला जो फरक ओढ्याला घळ कापायला लावतो, त्याच फरकावर हा प्रकल्पही चालतो. हा सारा प्रदेश 1986 मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याच्या परिसरातला असल्याने सांदणीत उतरण्यावर वनविभागाचे नियंत्रण असते, आणि पावसाळ्यात तर ही घळ माणसांसाठी नाहीच असे समजावे.

साम्रदहून घळीचे तोंड थोड्याच चालीवर आहे. सुरुवातीला झाडीतून जाणारी साधी पायवाट खाली वळते, आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंचे कातळ जवळ येतात, हवा गार होते, पायाखाली मोठमोठे धोंडे येतात. पुढे पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला सहसा गुडघा ते कमरेइतका. दुसरा हंगामाप्रमाणे छातीपर्यंत आणि काही वेळा त्याहूनही खोल. डिसेंबरात या पाण्याची थंडी हाडात शिरते, तर एप्रिल-मेपर्यंत डोह बरेच आटलेले असतात. येथे पाठपिशवी डोक्यावर घ्यायची, कातळाला धरून कडेकडेने सरकायचे आणि पाय उचलून टाकण्याऐवजी तळावरून घासत पुढे न्यायचा, कारण पाण्याखालचा शेवाळलेला धोंडा पुढे कसा कललेला आहे हे वरून कळत नाही. वाटाड्या बहुतेक वेळा आधी स्वतः पलीकडे जातो, मग मध्यावर परत येऊन उभा राहतो आणि प्रत्येकाला पाऊल कोठे ठेवायचे हे नावाने हाक मारून सांगतो.

डोहांनंतर घळ उतरू लागते. कड्यावरून सुटून आलेल्या, घराएवढ्या शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या अडकून पडलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून, वरून किंवा खालून वाट काढावी लागते. त्यानंतरच्या कातळटप्प्यांवर दोराशिवाय उतरणे योग्य नाही. त्यांतला मुख्य टप्पा सुमारे 45 फुटांचा, बाकीचे त्याहून लहान. या दोराने उतरण्याला गिर्यारोहक रॅपलिंग म्हणतात: कमरेला आणि मांड्यांना हार्नेस नावाचा पट्टा बांधतात, त्यात कॅराबिनर म्हणजे झडप असलेली धातूची कडी अडकवतात, दोर डिसेंडर नावाच्या साधनातून फिरवतात आणि घर्षणाच्या जोरावर आपला वेग आपणच राखत उतरतात. शिवाय उतरणाऱ्याला दुसरा एक दोर बांधलेला असतो, तो वर बसलेल्या माणसाच्या हाती असतो आणि पहिल्या दोरावरचा हात सुटला तरी पडणाऱ्याला तो धरून ठेवतो. यालाच बिले देणे म्हणतात. नवख्या माणसाची मुख्य चूक एकच होते, ती म्हणजे भीतीने कातळाला बिलगणे. शरीर मागे झुकवून तळपाय कातळावर सपाट टेकवले तरच पकड मिळते, आणि हे पहिल्यांदा करताना मनाला पटत नाही. म्हणून चांगला पथकप्रमुख पहिल्या टप्प्यावर घाई करत नाही. एका माणसाला वीस मिनिटे लागली तरी ती लागू देतो.

दोर, कातळात ठोकलेले बोल्ट आणि हेल्मेट यांच्या जोरावर सांदण सुरक्षित होते, ही समजूत शहरी पथकांत रूढ आहे आणि ती अपुरी आहे. दोर पडण्यापासून वाचवतो. पाण्यापासून आणि वरून सुटणाऱ्या दगडापासून वाचवतो तो ओळखीचा माणूस. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी घाटघरच्या बाजूला ढग भरून आले, तर घळीच्या तळाशी असलेल्या माणसाला आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते आणि तिच्यावरून काहीच समजत नाही. साम्रदच्या वाटाड्याला मात्र वाऱ्याने दिशा बदलली, डोहाचे पाणी गढूळ होऊ लागले किंवा कातळावरची ओल वाढली एवढ्यावरून परत फिरायचे की पुढचा रुंद भाग गाठायचा हे ठरवता येते. तो हे शिकला ते लहानपणी गुरे वळताना, हिरडा गोळा करताना आणि करोली घाटाने कोकणातल्या डेहणे गावाला जा-ये करताना. हे ज्ञान कोणत्याही शिबिरात मिळत नाही. शिबिरात गाठी, दोर आणि प्रथमोपचार शिकता येतात, आणि गावातल्या तरुणांनी ते शिकणे नितांत गरजेचे आहे. परंतु या दोन विद्यांत गौण कोणती हे ठरवायची वेळ आली, तर घळीत दोराची विद्या दुसरी येते.

घळ संपल्यावर तळाशी पाण्याची कुंडे आणि थोडी सपाटी लागते. अनेक पथके तेथे तंबू ठोकतात. वर रतनगड आणि आजोबा डोंगराच्या बाजूचे कडे, समोर बाण सुळक्याचा सरळसोट खांब आणि खाली कोकण, असे स्थळ मोहात पाडणारे आहे यात शंका नाही. तरीही तेथे दर सुट्टीला तंबूंची गर्दी होऊ लागली, की राखेचे ढीग, प्लॅस्टिक आणि कुंडाकाठची घाण अटळ होते, आणि पहिल्या पावसात ते सारे खालच्या गावांच्या पाण्यात उतरते. त्यापेक्षा लवकर निघून, घळ उतरून, करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढणे किंवा डेहण्याला उतरून तेथे मुक्काम करणे हा मार्ग अधिक कष्टाचा असला तरी सर्वार्थाने बरा. वनविभागाचे मुक्कामाचे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अभयारण्याच्या सीमेत रात्र काढण्याचा बेत गावातून चौकशी केल्याशिवाय आखूच नये.

या पट्ट्यातली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव करून 1848 मध्ये ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्याचे. जुन्या पद्धतीचे घर येथे अजून आढळते: लाकडी खांबांच्या चौकटीत कारवीच्या काठ्या उभ्या विणून, त्यांवर माती आणि शेणाचा लेप देऊन केलेल्या कुडाच्या भिंती, आणि ओटीच्या एका बाजूला गुरांची जागा. कारवी हे सह्याद्रीतले झुडूप साधारण सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलोऱ्यावर येते आणि मग वाळते. वाळलेल्या त्या काठ्या भिंतीला चालतात. गोठ्यातली काळी-पांढरी जनावरे डांगी जातीची असतात; घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात टिकून राहणारी ही जात भातखाचरांत आजही कामाला येते.

रात्रीच्या जेवणात नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, हाताने सडलेल्या तांदळाचा भात, कधी वरईचा भात, उडदाचे किंवा हुलग्याचे कालवण आणि ठेचा असतो. वऱ्हाडातल्या पाहुण्याला ज्वारीची भाकरी थापता येत असली तरी नागलीची भाकरी फुटू न देता परतणे जमत नाही, कारण तिच्या पिठाला चिकटपणा कमी. उकळते पाणी घालून ते मळावे लागते. चुलीपुढे बसलेल्या मावशीला हे विचारले की पुढचा तासभर शेतीवर बोलणे होते. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पाचोळा आणि फांद्या पसरून त्या पेटवतात, त्याला राब भाजणे म्हणतात. त्या भाजलेल्या जागेत पावसाच्या तोंडावर रोप टाकतात आणि मग नागली व भाताची लावणी करतात. सोयाबीन, तूर आणि कपाशी या तीन पिकांत वर्ष मोजणाऱ्या कामरगावच्या शेतकऱ्याला हा हिशेब अगदी वेगळा वाटतो, आणि म्हणूनच तो शहरी पाहुण्यापेक्षा अधिक नेमके प्रश्न विचारतो: बियाणे कोठून, रोप किती दिवसांचे, पाऊस लांबला तर काय. बियाण्याच्या बाबतीत तर अकोले तालुक्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जपण्याचे जे काम उभे केले त्याला 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला.

गावमुक्कामाचा प्रश्न हौसेपुरता मर्यादित नाही, त्याला उपजीविकेची बाजू आहे. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड असला तरी तो वाहून जातो, आणि दिवाळीनंतर भाताची कापणी आटोपली की शेतात फारसे काम उरत नाही. त्यामुळे या भागातली कुटुंबे नारायणगाव आणि जुन्नरच्या बागायती पट्ट्यात मजुरीला जातात. सांदणीचा हंगाम नेमका याच रिकाम्या महिन्यांत, डिसेंबर ते मे या काळात असतो. एका घरात चार पाहुणे आठवड्यातून दोनदा जेवून-झोपून गेले, त्यांच्याबरोबर घरातला एक जण वाटाड्या म्हणून गेला, दुसऱ्याने सामान वाहिले, तर त्या घराला स्थलांतर टाळता येते किंवा निदान पुढे ढकलता येते. मात्र हे तेव्हाच घडते, जेव्हा पैसे सरळ त्या घराच्या हाती पडतात. पुण्या-मुंबईच्या आयोजकाने ठोक रक्कम घ्यायची आणि गावाला ताटामागे किरकोळ दर द्यायचा हा व्यवहार या धंद्यात फार बोकाळला आहे. तो अन्यायाचा आहे, आणि पाहुण्यांनी तो मुकाट्याने चालू देऊ नये.

वऱ्हाडाचे वेळापत्रक या हंगामाशी चांगले जुळते. तूर काढून झाली, कपाशीची शेवटची वेचणी झाली की कामरगावच्या बाजूला फेब्रुवारीपासून थोडी उसंत मिळते. त्याच सुमारास सांदणीतले डोह उतरू लागतात, सकाळचा गारठा सुसह्य होतो आणि दुपारचे ऊनही अजून असह्य झालेले नसते. मार्चमध्ये जाणाऱ्याला सर्वांत बरे.

एक घळ उतरून भागत नसेल त्याच्यासाठी याच मुलखात अनेक दिवसांची जुनी वाट आहे. साम्रदहून त्र्यंबक दरवाजाने रतनगडावर चढायचे, माथ्यावरच्या नेढ्यातून, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या भोकातून, दोन्ही बाजूंचा मुलूख पाहायचा आणि लोखंडी शिड्यांनी रतनवाडीला उतरायचे. तेथे अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मानले जाणारे कोरीव मंदिर आणि त्याजवळची पुष्करणी आहे. पुढे दाट रानातून कात्राबाईची खिंड ओलांडली की मुळा नदीच्या खोऱ्यात कुमशेत लागते. ही मुळाही पुढे प्रवरेलाच मिळते. कुमशेतला रात्र काढून पाचनईला जायचे आणि तेथून हरिश्चंद्रगड चढायचा. गडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे आणि त्याच्या कुशीतून बेलपाड्याला उतरणारी नळीची वाट ही सह्याद्रीतली अत्यंत खडतर नाळ समजली जाते; सराव नसलेल्याने तिच्या नादी लागू नये. या संपूर्ण वाटेवर प्रत्येक मुक्कामाला गाव आहे, प्रत्येक गावाला पुढच्या खिंडीपर्यंतचाच आपला मुलूख पक्का माहीत आहे, आणि त्यामुळे शहाणी पथके साम्रदचा वाटाड्या रतनवाडीपर्यंत, रतनवाडीचा कुमशेतपर्यंत आणि कुमशेतचा पाचनईपर्यंत अशी माणसे बदलत जातात. खर्च थोडा वाढतो, पण चार गावांत पैसे वाटले जातात आणि रानात चकवा लागण्याचा प्रसंग टळतो.

दरीतल्या गावांत मुक्काम करत चालण्याची ही रीत इतरत्रही आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या आरेकिपा प्रांतात कोल्का नावाची महादरी आहे. तिची खोली 3000 मीटरहून अधिक, म्हणजे कळसूबाई शिखराच्या 1646 मीटर उंचीच्या जवळपास दुप्पट. कबानाकोंडे गावाहून दरीत उतरून दोन-तीन दिवस तळातल्या वस्त्यांत मुक्काम करत परत चढण्याची चाल तेथे नित्याची झाली आहे, आणि इंका साम्राज्याच्याही आधीपासून कसल्या जाणाऱ्या पायऱ्यांच्या शेतांतून ती वाट जाते. आकाराने सांदण तिच्यापुढे चिमुकली आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: दरीतले गाव प्रवाशासाठी वसलेले नाही, ते आपल्या शेतीसाठी, गुरांसाठी, आपल्या कारणाने तेथे आहे, आणि प्रवासी त्याच्या वाटेने चालतो.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि अशा मोहिमा नेणाऱ्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. गिर्यारोहण संस्थांनी आपल्या पातळीवर बचाव-समन्वयाची व्यवस्थाही उभी केली आहे. हे आवश्यकच होते. तरी नोंदणीचा सारा रोख आयोजक संस्थेवर आहे. वाटाड्याला विमा कोण देणार, त्याने हवा बिघडल्याचे सांगून मोहीम थांबवली तर त्याची त्या दिवसाची मजुरी कोण भरणार, हे प्रश्न अनेकदा तोंडी ठरावावरच राहतात. शेवटचा प्रश्न तर जीवनमरणाचा आहे, कारण परत फिरण्याने ज्याचा रोजगार बुडतो त्याच्यावर पुढे जाण्याचा दबाव नकळत पडतो. अकोले तालुक्याचा हा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि 1996 च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला बरेच अधिकार दिले आहेत. एका दिवशी घळीत किती माणसे उतरतील, वाटाड्यामागे किती पाहुणे असतील, घरटी मुक्कामाची पाळी कशी लागेल आणि परत फिरल्यास मजुरी पूर्ण मिळेल, हे ग्रामसभेने वनविभागाशी बोलून लिहून ठेवावे आणि प्रत्येक पथकाने निघण्याआधी त्यावर सही करावी, अशी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. कामरगावहून जाणाऱ्या तरुण मंडळांनी किंवा महाविद्यालयांच्या पथकांनी ती तयार होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जाण्याआधी साम्रदला फोन करून दर ठरवताना परत फिरण्याची मजुरीही त्यांनी तेव्हाच मान्य करून टाकावी.